दोन पायऱ्या खाली बांधलेला मृदंग

काशीराम आणि मी चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आलो. तो म्हणायचा, तुझी पेटी उतरते. मी म्हणायचो, तुझा मृदंग चढतो. आमच्या वाडीच्या नमनाच्या, म्हणजे कोकणी लोकनाट्याच्या मंडळात पेटी माझ्याकडे आणि मृदंग बांधायचा मान त्याच्या घराकडे, त्यामुळे एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय दोघांचंही चालत नव्हतं. हे भांडण गेल्या एप्रिलमध्ये चिपळूणच्या स्पर्धेत, भर स्टेजवर, पाऊण तासात मिटलं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. सहा महिने झाले, तरी कुणी भेटला की मी त्याला बसवून ही हकिकत सांगतोच. घरातले कंटाळले, म्हणून आता लिहूनच काढतो.

आमची वाडी अलोऱ्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला. काशीराम आणि मी मात्र पोफळीच्या वीजघराला चिकटलो. तो हेल्पर म्हणून लागला आणि फिटर म्हणून निवृत्त झाला, मी ऑफिसात कारकून होतो. माणूस उंचीनं बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा. त्याचा होकार म्हणजे 'हं' आणि नकार म्हणजे गप्प बसणं. बायकोनं, मथुरावहिनींनी, तीनदा हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही, पण मृदंगाच्या पानाची एक कड केसभर उतरली असली, तर ओटीवरून उठून आत जाईल आणि नेमकं त्याच जागी बोट ठेवील.

मृदंगाचं पान बकऱ्याच्या कातड्याचं. मधोमध काळ्या शाईचा गोल, कडेनं कातडी वाद्या आणि वाद्यांखाली लाकडाचे गठ्ठे. गठ्ठा एका अंगाला ठोकला की पान ताणतं आणि सूर चढतो, दुसऱ्या अंगाला ठोकला की उतरतो. ऐकायला सोपं आहे. मी एकदा करून बघितलं, वादी तुटली आणि काशीराम महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नाही, म्हणून मला ते उशिरा कळलं.

आता आमच्याकडचे दोन नियम ध्यानात ठेवा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी वाघजाईच्या देवळात मृदंगापुढे नारळ वाढवतात. नारळ वाढवला की वाद्य देवीचं, मग कार्यक्रम होईपर्यंत त्याला हातोडी लावायची नाही. आणि दुसरा नियम असा, की मृदंग देवळातून निघाला की थेट स्टेजवर. वाटेत कुणाच्या घरी न्यायचा नाही, जमिनीला टेकवायचा नाही. आजोबांच्या वेळेपासून असंच आहे, आणि आजोबांच्या वेळी त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते चोवीस सालच्या स्पर्धेत. देवळात मृदंग माझ्या पेटीला असा मिळाला होता की दोन वाद्यं आहेत हेच कळू नये. चिपळुणात स्टेजवर पहिली थाप पडली, तर तो पेटीच्या दोन पायऱ्या वर. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर गेलं की एक पायरी, एवढं समजलं तरी पुरे. गाणारे बिचारे घसा ताणत राहिले, आणि गवळण निम्म्यावर आली असताना ते ताणलेलं पान कडेला टर्रकन फाटलं. हजारभर माणसांत हशा पिकला. मृदंगावर काशीरामची नात मनस्वी होती, पहिल्यांदाच बसलेली. मुलीला कशाला बसवता, म्हणून वाडीत आधीच कुरकुर झाली होती. पोरगी फाटका मृदंग मांडीवर घेऊन पडदा पडेपर्यंत तशीच बसून राहिली.

परतीच्या टेम्पोत आमच्या मंडळाचा गावकर, म्हणजे प्रमुख, दादू माझ्याजवळ सरकला. "गंग्या, तुझा कान काय सांगतो? खरा सांग." मी तापलेलो होतो. म्हटलं, "काशीचा हात गेला." काशीराम पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्याला काही ऐकू गेलं नसणार. रागात बोललो हे खरं, पण बोललो, आणि बोललेलं परत घेता येत नाही.

आठ दिवसांनी बैठक झाली. दादूनं माझं नाव न घेता निकाल दिला. "काशीराम, आणखी एक साल. पुढल्या स्पर्धेत मृदंग हलला, तर आपण नट-बोल्टचा आणू. वर प्लास्टिकचा पान. उन्हात टाक, पाण्यात टाक, हलायचा नाय." चार पिढ्यांचा मान होता तो. काशीरामच्या आज्यानं बांधलेला मृदंग अजून देवळात टांगलेला आहे. सगळे काशीरामकडे बघत होते आणि मी बाहेर फणसाकडे बघत होतो. तो "हं" म्हणाला आणि उठून गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या पडवीत आला. दोन्ही काखांत दोन छोटे मृदंग, हातभर लांबीचे. "एकाच फणसाचा खोड," तो म्हणाला. "एकाच बकऱ्याचा कातडा. शाई एकाच वाटीतली. आयक." त्यानं दोन्ही वाजवले, मी पेटीवर तपासले. जुळी भावंडं. "यातला एक चिपळुणात चिमेकडं ठेवतो. एक माझ्याकडं. खोट हवेत हाय काय बघू. रोज सांजचे सहाला तू पेटी घेऊन ये." इतकं सलग बोलताना मी त्याला चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. नाही म्हणायची सोयच राहिली नाही; शिवाय ते टेम्पोतलं वाक्य आत सलत होतंच.

चिमा ही काशीरामची धाकटी बहीण. लग्न होऊन चिपळुणात गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि मनस्वी कॉलेजसाठी तिच्याकडेच राहते. बाई भावाच्या अगदी उलट, बोलायला लागली की फोनची बॅटरी उतरते. तर रोज सहाला आमचा कार्यक्रम असा. काशीरामच्या ओटीवर मी पेटी उघडायची, फोन मधे ठेवायचा. आधी काशीराम आपल्या मृदंगावर थाप मारणार, मग फोनमध्ये म्हणणार, "चिमे, वाजव." पहिल्या दिवशी चिमानं आमटीच्या डावानं वाजवला. तो कसला आवाज म्हणून तिचे शेजारी दारात आले. मग मनस्वीनं तिला बोटं कशी ठेवायची ते शिकवलं आणि चिमा सत्तराव्या वर्षी मृदंगाला लागली.

पावसाळ्याचे चार महिने दोन्ही मृदंग सारखेच भसाडे. इकडे सूर उतरला की तिकडेही तेवढाच उतरलेला. मी म्हटलं, "बघ, हवेबिवेचं काही नाही." काशीराम मात्र आतल्या आत खूश. "म्हंजे पान सारकी हायत," तो म्हणाला. "खोट पानात नाय." मी घरी जाऊन त्यावर विचार केला आणि पटलं. चार महिने ओल्याचिंब हवेत जे जराही वेगळे वागले नाहीत, ते पुढं वेगळे वागले तर दोष बांधणाऱ्याचा कसा म्हणायचा?

आणि दिवाळीनंतर ते वेगळे वागायला लागले. एका संध्याकाळी चिमानं थाप मारली आणि मी पेटीवरचा हात उचलला. म्हटलं, "परत वाजव." अर्धी पायरी वर. मला वाटलं फोनचा दोष. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाचा फोन आणला. अर्धी पायरी वर. जानेवारीत एक पायरी झाली. मला दुपारी झोप लागेना, साडेपाचलाच पेटी काखोटीला मारून मी निघायचो. वाडीत बातमी पसरली आणि सहा वाजले की काशीरामच्या ओटीवर बसायला जागा मिळेना. दादूही यायचा, पण लांब उभा राहायचा. होळीच्या आदल्या दिवशी चिमाच्या मृदंगानं दोन पायऱ्या गाठल्या. माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. मी पेटी मिटून सरळ उभाच राहिलो आणि म्हटलं, "काशी, दोन. बरोबर दोन. चोवीस साली होत्या तेवढ्याच."

त्या सुट्टीत घरी येताना मनस्वीनं दोन यंत्रं घेतली होती. टेबलावरच्या घड्याळाएवढी, हवा किती तापली आणि तिच्यात ओल किती ते दाखवणारी. एक ती चिमाकडे लावून आली होती, दुसरं ओटीवर टांगलं. सहा वाजता आमच्याकडे अठ्ठावीस अंश आणि ओल अठ्ठ्याहत्तर टक्के. चिमाच्या गॅलरीत बत्तीस अंश आणि ओल सत्तावन्न.

मी वकिली केली. "अगो, चिपळूण नदीकाठी. तिकडं ओल जास्त असायला हवी."

"ओल आहेच की, गंगाआजोबा," मनस्वी म्हणाली. "पण हवा तापली की तिची तहान वाढते. तेवढीच ओल तिला पुरत नाही, मग मिळेल तिथून ओढते. कातड्यातूनपण. कातडं सुकलं की ताणतं. आणि सिमेंट-डांबर दिवसभर तापतं ते संध्याकाळी परत सोडतं, म्हणून ऊन गेलं तरी तिकडे गार होत नाही. आपल्याकडे झाडं आहेत, माती आहे, ती ओल सोडत राहतात." एवढं बोलून ती थांबली आणि तिनंच पुढचा प्रश्न काढला. "पण हे पूर्वी नव्हतं हे कसं दाखवायचं? पूर्वी मृदंग किती चढायचा हे कोणी लिहून ठेवलंय थोडंच."

लिहून ठेवलं होतं. मी ठेवलं होतं.

कारकुनी सवय. चौऱ्याऐंशी सालापासून प्रत्येक कार्यक्रमाची नोंद माझ्या वह्यांमध्ये आहे: गाव, तारीख, कुठली पट्टी, कोण बेसूर गायलं. आणि काशीरामवरचा राग मी त्याच वह्यांमध्ये काढत आलो होतो. धावत घरी गेलो. या वयात धावलो ते बघून बायको घाबरली. वह्या आणल्या, चिमा फोनवर होतीच, आणि मी एकेक साल वाचायला सुरुवात केली.

"एक्क्याण्णव. चिपळूण. मृदंग बरोबर."

"तवा माझ्या खिडकीखाली मळा हुता," चिमा पलीकडून म्हणाली. "बारा म्हयने हिरवा. मागल्या दारी बावडी, तिच्यावर जांभळी. एप्रिलातबी पहाटेची गोधडी लागायची."

"नव्याण्णव. काशीचा मृदंग अर्धी पायरी चढला."

"रेल्वे आली, नि मळ्यात पयली बिल्डिंग उठली."

"दोन हजार सात. एक पायरी चढला. काशीला सांगून उपयोग नाही." हे वाचताना माझा आवाज जरा पडला. काशीराम वहीकडे बघत होता.

"बावडी बुजवलानी. जांभळी तोडलानी. वर डांबर."

"सोळा. दीड पायरी. काशी हट्टी आहे."

"समोर दोन बिल्डिंगा, सात-सात माळ्यांच्या. वारा बंद."

"चोवीस." पुढचं वाचायची गरज नव्हती, ते सगळ्यांनी पाह्यलं होतं.

"अंगणभर सिमेंटच्या लाद्या," चिमा म्हणाली. "नि भिंतीभिंतीवर एसी. त्यांची गरम वाफ माझ्या खिडकीत येती. मी राती ओला फडका दांडीवर टाकते, तो पहाटे कडकडीत. पूर्वी दुपारपातूर सुकत नव्हता."

मनस्वीचे डोळे लकाकत होते; तिनं वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि भराभर फोटो काढायला लागली. तेहतीस वर्षांचं चिपळूण माझ्या तक्रारींत बसलं होतं आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं. मृदंग चढत होता, पण काशीराम काही चढवत नव्हता. हे मी तेव्हाच तोंडानं म्हणायला हवं होतं. मी पेटीचं भोक शोधत असल्यासारखा भाता चाचपत बसलो.

काशीरामनं निर्णय तिथंच घेतला. "देवळात दोन पायऱ्या खाली बांधतो," तो म्हणाला. "वरल्या दोन चिपळूण चढवील."

सांगायला ठीक आहे. पण नारळाच्या संध्याकाळी देवळात सगळी वाडी जमलेली असताना मनस्वीनं त्या मृदंगावर थाप मारली, तेव्हा मीसुद्धा दचकलो. ढिला, बसका, गोठ्यातून आल्यासारखा आवाज. दादूचं तोंड उतरलं. "ह्यो काय मृदंग? रेड्याच्या पोटावर मारल्यासारका वाजतो. काशीराम, अजून नारळ वाढवला नाय. गठ्ठे ठोक."

काशीराम गप्प. म्हणजे नाही.

दादू माझ्याकडे वळला. त्याला माझं आधीचं वाक्य आठवत होतं हे मला त्याच्या नजरेत दिसलं. मी म्हटलं, "दादू, असू दे. मी रोज ऐकलाय." दादूनं मान हलवली आणि नारळ आपटला. आता वाद्य देवीचं. रात्रभर मला शंका येत राहिली, आणि खरं सांगायचं तर सकाळी पिशवी भरताना मी एक हातोडी खाली तळाशी टाकली.

दुपारी एकला निघालो, दोनला चिपळुणात. चिठ्ठ्या निघाल्या तर आमचा नंबर पाचवा, म्हणजे संध्याकाळी सात. काशीरामचा हिशेबच पाच तासांचा होता, तो पहिल्यांदा हसला. मृदंगावरची गोधडी काढली आणि तो चिमाच्या मांडीवर दिला. मैदानाच्या कडेला एक लांबलचक सिमेंटची भिंत होती, तिच्या सावलीत चिमा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. डफ शेकतात तसा मृदंग शेकत नाहीत, शाईला तडे जातात. त्याला नुसती हवाच द्यावी लागते.

दादू धावत आला. "कुणाच्या घरी ठेवायचा नाय, नियम हाय."

"माझी मांडी काय घर हाय?" चिमा म्हणाली. "नि जमिनीला टेकला तर मला बोल. मी पाच तास उठणार नाय, मग तर झाला?"

दर पंधरा मिनिटांनी मी पेटी घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि मनस्वी हळूच थाप द्यायची. तीनला काही नाही. साडेतीनला किंचित हालचाल. चारला अर्धी पायरी. मला हर्ष आवरेना. भुईमुगाच्या शेंगा विकणारा थांबून बघायला लागला, त्यालाही मी समजावून सांगितलं. पावणेपाचला एक पायरी पुरी झाली. अजून एक बाकी आणि हातात सव्वादोन तास.

तेवढ्यात लाऊडस्पीकर बोलला. दोन मंडळांचे टेम्पो हायवेच्या कामात अडकले होते, एका मंडळाचा गाणारा आजारी, आणि आम्ही दहा मिनिटांत तयार राहायचं होतं.

मनस्वीनं मृदंगावरचा हात काढला. एक पायरी कमी. तसंच वाजवलं तर चोवीस सालची गंमत उलट्या बाजूनं. दादू माझ्या कानाशी आला. "गंग्या, पिशवीत हातोडी हाय ती मी बघितलीय. देवीचा मी बघून घेईन. दे ठोकून." नियमाचा राखणदारच नियम मोडायला निघाला होता. काशीराम तीन पावलांवर उभा. तो माझ्याकडे बघत राहिला. ठोकला असता तर आत्तापुरता सूर मिळाला असता, आणि तापलेली हवा वरून आणखी एक पायरी चढवून पान फाडून गेली असती. ते मला कळत होतं, त्याला कळत होतं, दादूला सांगायला वेळ नव्हता.

चाळीस वर्षं मी म्हणत आलो की पेटी प्रमाण, मृदंगानं पेटीला मिळायचं. मी पेटी उचलली आणि म्हटलं, "हातोडी राहू दे. मीच एक पायरी खाली येतो. गण खालच्या पट्टीत गाऊ. संकासूर आला की पेटी बंद. तेवढ्यात मृदंग वर येईल, मग गवळण आपल्या पट्टीत."

"नाय आला तर?" दादू म्हणाला.

"येतो," काशीराम म्हणाला.

गण सुरू झाला. खालच्या पट्टीत गाणाऱ्यांचे आवाज असे भारदस्त लागले की मलाच नवल वाटलं. मृदंग पेटीशी मिळून चालला होता. खाली दिवसभर तापलेला सिमेंटचा चौथरा, वर पत्रा, चारी बाजूंनी मोठे दिवे; माझ्या सदऱ्यातून पाणी गळत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या उकाड्याचा आनंद होत होता.

मग संकासूर आला. आमच्या नमनातलं हे सोंग, काळा पायघोळ झगा, लांब टोपी, आणि वाट्टेल ते बोलायची परवानगी. बाबल्या संकासूर झाला होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं, मी मान हलवीपर्यंत लांबव. त्यानं परीक्षकांच्या टकलापासून सुरुवात केली. इकडे मी एका बोटानं आमची नेहमीची पट्टी अगदी हळू दाबून धरलेली, कान मनस्वीच्या मृदंगाकडे. पाव पायरी. बाबल्यानं चिपळूणच्या खड्ड्यांवर पाच मिनिटं काढली. अर्धी पायरी. लोक हसून लोळत होते, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बाबल्याचे विनोद संपले आणि त्यानं पेटीवाल्याच्या पोटाकडे मोर्चा वळवला. पाऊण. मनस्वी थाप मारायची आणि माझ्याकडे बघायची. माझी मान स्थिर. बाबल्या घामाघूम होऊन आता नुसताच नाचत होता. आणि मग एक थाप अशी पडली की माझ्या बोटाखालची पट्टी आणि ते पान एकच झालं. पेटी थरथरली ती मला छातीत कळली. मी मान हलवली.

गवळण वरच्या पट्टीत उठली आणि सगळं मैदान एकदम ताठ बसलं. मागून शिट्ट्या आल्या. मनस्वीचे हात असे सुटले की मला तिच्यामागं धावावं लागलं, आणि मी धावलो. मृदंग त्या पट्टीवर जाऊन बसला तो शेवटपर्यंत हलला नाही. जेवढी ओल द्यायची होती तेवढी त्यानं चिपळूणला देऊन टाकली होती. विंगेत काशीराम डोळे मिटून उभा होता आणि चिमा त्याच्या दंडाला धरून रडत होती.

निकाल आठच्या सुमाराला लागला. दुसरा नंबर आमचा. टाळ्या थांबायच्या आत निवेदकानं पुढचं वाचलं: उत्कृष्ट संगीत, मध्येच पट्टी चढवण्याच्या अभिनव कल्पनेबद्दल, पेटीवादक गंगाराम.

मी वर गेलो. हातात ढाल आली, तोंडापुढं माईक आला. खाली दादू दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. काशीराम मृदंगाला गोधडी गुंडाळत होता. आता न बोलून चाललं नसतं. मी म्हटलं, "कल्पना माझी नाही. मृदंग आपसूक चढला, तो चढेल हे बांधणाऱ्याला वर्षभर आधी माहीत होतं. काशीराम त्याचं नाव. गेल्या वर्षी पान फाटलं तेव्हा मी आमच्या गावकराला सांगितलं होतं की याचा हात गेला. हात गेला नव्हता. मी खोटं बोललो होतो. ही ढाल त्याची." उतरताना पायरी दिसेना, मनस्वीनं हाताला धरलं.

परतीच्या टेम्पोत दादूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नट-बोल्टचा आपल्याला नको." पोरं गाणी म्हणत होती. काशीराम मृदंग मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला होता. ढाल त्यानं घेतली नव्हती, ती चिमानं ठेवून घेतली. पेढांबं गाव मागं पडलं तशी बाहेरून गार हवा यायला लागली.

शेवटी मीच म्हटलं, "काशी, ते मी तेव्हा बोललो ते..."

"मला ठाव हुता," तो म्हणाला. "दादू दुसऱ्याच दिवशी सांगितलान."

"आणि वर्षभर तू एक शब्द काढला नाहीस?"

त्यानं गोधडीची गाठ आवळली. "काढला असता, तर रोज सहाला पेटी घेऊन तू आला असतास काय?"

मी मृदंगाची माझ्याकडची बाजू हातावर धरली आणि वाडी येईपर्यंत तशीच धरून ठेवली.